पावसाची बेरीज आणि पावसाची वेळ

भिवंडी हे नाव घेताच यंत्रमागांचा खडखडाट आणि महामार्गालगत पसरलेली गोदामे डोळ्यांसमोर येतात; परंतु शहराची हद्द ओलांडून उत्तरेस दुगाड-वज्रेश्वरीकडे, पूर्वेस पडघ्याकडे किंवा पश्चिमेस खारबावच्या खाडीकाठाकडे गेले, की जी शेती दिसते ती आजही भाताचीच आहे. ऋतुमान खरोखर बदलले आहे काय, आणि बदलले असेल तर ते शेतकऱ्याला नेमके कोठे जाणवते, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी हा तालुका विशेष उपयोगाचा ठरतो, कारण मराठवाड्यासारखी पाऊस न पडण्याची धास्ती येथे सहसा नसते. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन ते अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि एखाद्या वर्षी त्यातील पाचवा हिस्सा कमी पडला, तरी भाताच्या गरजेपुरते पाणी बेरजेत शिल्लकच राहते. तरीही खाचरातले पीक हातचे जाते. आणि ते का जाते हे समजून घेऊ लागले, म्हणजे पावसाची बेरीज आणि पावसाची वेळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात येते.

नक्षत्रांचे वेळापत्रक

उत्तर कोकणातील शेतकरी पावसाचा हिशेब इंग्रजी महिन्यांनी किंवा मराठी तिथींनी करीत नाही, तो नक्षत्रांनी करतो. येथे अभिप्रेत असतात ती सूर्यनक्षत्रे: सूर्य सत्तावीस नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो आणि प्रत्येक नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस राहतो. चांद्रमासाच्या तिथी अधिक महिन्यामुळे मागेपुढे सरकतात, सूर्यनक्षत्रे मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच तारखांना लागतात, म्हणून ऋतूंशी बांधलेल्या कामांसाठी हीच मोजणी सोयीची ठरली. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात रोहिणी, ७ किंवा ८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू आणि त्यानंतर पुष्य, असा हा क्रम लागतो. पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणण्याची रीत आहे, तर मघांचा पाऊस सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा मानला जातो.

या नावांमागे कामांची एक नेमकी साखळी आहे. रोहिणीत रान तयार ठेवायचे, मृगात भात पेरायचे, आर्द्रांत रोप वाढवायचे, तरण्या पावसात चिखलणी करून आवणी उरकायची, उत्तरा-हस्तापर्यंत पीक पोटरीतून निसवून दाण्यावर यायचे आणि चित्रा लागल्यावर कोरड्या उन्हात कापणी करायची, अशी ही साखळी आहे. ‘आवणी’ म्हणजे रोपवाटिकेत वाढवलेले रोप उपटून चिखल केलेल्या खाचरात पुन्हा लावणे. अन्यत्र त्याला लावणी म्हणतात. प्रत्येक कामाला पावसाची एक विशिष्ट अवस्था लागते. पेरणीला बेताची ओल, आवणीला साचलेले पाणी, फुलोऱ्याला अधूनमधून ऊन आणि कापणीला पूर्ण उघडीप लागते. त्यामुळे एका कामाला तारणारा पाऊस दुसऱ्या कामाला मारक ठरतो.

जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे भाताचे प्रकारही वाटून दिलेले असतात. माथ्यावरच्या, पाणी लवकर निथळणाऱ्या जमिनीत हळवे भात घेतात, जे सुमारे शंभर ते एकशे पंधरा दिवसांत तयार होते. मधल्या उतारावर निमगरवे आणि ओढ्यालगतच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांत एकशे चाळीस दिवसांच्या आसपास लागणारे गरवे भात असते. हळवे आधी कापले जाते, गरवे नंतर. त्यामुळे मजूर, बैल आणि खळे यांच्यावरचा ताण वाटला जातो आणि एखादा पाऊस अवेळी आलाच, तर सगळे पीक एकदम त्याच्या तावडीत सापडत नाही. पावसाच्या लहरीपणाविरुद्ध पिढ्यान् पिढ्यांनी उभारलेला हा विमाच होता.

मे महिन्याच्या कोरडेपणावर उभी असलेली रीत

भाताच्या हंगामाची सुरुवात पावसाने होत नाही, ती आगीने होते. रोप तयार करण्याच्या तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देऊन वर बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्यात तो थर मंद धुमसत भाजायचा, या रीतीला ‘राब’ म्हणतात. राब भाजल्याने मातीतील तणांचे बी जळते, राखेतून रोपाला पोषण मिळते आणि जमीन भुसभुशीत होऊन रोप उपटणे सोपे जाते. शेतीतज्ज्ञ जॉन व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली होती, आणि त्याच सुमारास ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी जंगलातून टहाळ तोडण्याचा हक्क हा सरकार आणि रयत यांच्यातील मोठ्या तंट्याचा विषय बनला होता. झाडांवरचा ताण आणि धूर यांमुळे राबावर टीका होत आली आहे आणि कृषी विद्यापीठे गादीवाफ्यांवर, राब न भाजता रोपे करण्याचा सल्ला देतात. तरीही डोंगरउतारावरच्या पाड्यांत ही रीत टिकून आहे, कारण आवणीच्या ऐन घाईत तण काढायला लागणारे मजूर ती वाचवते.

ही सारी रीत एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे मे महिना कोरडा असणे. वळवाची एखादी सर आली तर राब पुन्हा वाळतो. परंतु सलग आठवडाभर पाऊस झाला, तर टहाळ भिजतो, आग धरत नाही आणि जमिनीला ‘वाफसा’ येत नाही. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे पण चिकटपणा नाही, अशी नांगराला आणि बियाण्याला अनुकूल अवस्था. वाफशाविना पेरलेले बी कुजते. पाऊस येण्यापूर्वी कोरड्या मातीत पेरून ठेवण्याची ‘धूळवाफ’ पेरणीही अशा वेळी शक्य होत नाही, आणि ज्या तणांना राबाने जाळायचे ती भाताच्या आधीच उगवून वर येतात.

एका महिन्याचे अंतर

मोसमी वाऱ्यांच्या आगमनाची मुंबईसाठीची सरासरी तारीख ११ जून आहे. भिवंडी मुंबईच्या ईशान्येस जवळच असल्याने तीच तारीख येथेही व्यवहारात धरली जाते. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जून रोजी पोहोचला, आणि तो त्याच दिवशी दिल्लीतही पोहोचला. १९६१ नंतर असे प्रथमच घडले. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, तो २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला आणि आगमनाच्या आजवरच्या नोंदींत ती सर्वांत लवकरची तारीख ठरली. म्हणजे ज्या एका घटनेवर राब, पेरणी, बैलजोडीचे भाडे आणि मजुरांची बोली हे सर्व अवलंबून असते, ती घटना दोन वर्षांच्या अंतराने बरोबर एका महिन्याने सरकली.

२०२३ चा हंगाम या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. जूनचे तीन आठवडे पेरलेल्या रोपाने ओलीची वाट पाहिली. पुढे जुलैत सांताक्रूझ येथे १,७०० मिलीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, जो त्या केंद्राच्या जुलै महिन्यातील उच्चांक होता. आणि ऑगस्ट उजाडला तो देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. वर्षअखेरीची बेरीज पाहिली तर मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पाऊस चांगला झाला असेच म्हणावे लागते. भाताने मात्र बेरीज अनुभवली नाही. त्याने आधी तहान, मग पूर आणि फुटव्यांच्या काळात पुन्हा तहान अनुभवली.

उशिराच्या पावसाचे नुकसान रोपाच्या वयातून होते. भाताचे रोप साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावले, तर बुंध्यापासून भरपूर फुटवे फुटतात आणि प्रत्येक सशक्त फुटव्याला लोंबी येते. खाचरात पाणी साचले नाही म्हणून आवणी लांबली, की रोप वाफ्यातच पस्तीस-चाळीस दिवसांचे होते, त्याच्या कांड्या कडक होऊ लागतात आणि लावल्यानंतर फुटवे कमी येतात. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च तेवढाच राहतो. घटते ते उत्पन्न. हे नुकसान कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, कारण शेत हिरवेच असते.

खाडीकाठची खारजमीन

खारबाव, पायगाव, अंजूर, अलिमघर अशा वसईच्या खाडीलगतच्या गावांत पावसाला आणखी एक भागीदार आहे, आणि तो म्हणजे भरती-ओहोटी. उल्हास नदीच्या या मुखप्रदेशात समुद्राचे पाणी कल्याणपर्यंत चढते, आणि त्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीला खारजमीन म्हणतात. बाहेरून मातीचा बांध घालायचा, त्यात ‘उघाडी’ ठेवायची आणि आतल्या जमिनीवर भात घ्यायचे, अशी ही व्यवस्था असते. उघाडी म्हणजे झडपेचे दार: ओहोटीच्या वेळी आतले पाणी त्यातून खाडीत उतरते आणि भरतीच्या दाबाने ते मिटून खारे पाणी बाहेर राहते. उत्तर कोकणात अशा जमिनींसाठी ‘शिलोत्री’ नावाची वहिवाट होती आणि बांध राखण्याची जबाबदारी तिच्यात ठरवून दिलेली असे. पुढे १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि त्यानंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ती जबाबदारी शासनाकडे आली.

खारजमिनीतील शेतकरी पहिल्या पावसाचा उपयोग पिकासाठी करीत नाही, तो जमीन धुण्यासाठी करतो. उन्हाळ्यात केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढणाऱ्या ओलाव्याबरोबर, क्षार पृष्ठभागावर येतात. सुरुवातीचा जोरदार पाऊस ते विरघळवतो आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून हे पाणी काढून दिले जाते. जमीन पुरेशी गोडी झाली, की मोड आलेले बी चिखलावर फेकले जाते किंवा रोप लावले जाते. त्यानंतर खाचरात गोडे पाणी सतत उभे राहावे लागते, कारण तेच क्षारांना खाली दाबून ठेवते. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची उघडीप पडली, तर वरकस, म्हणजे उंचावरच्या, जमिनीतील पीक फक्त सुकते, खारजमिनीतील पीक मात्र खालून वर आलेल्या मिठाने करपते. उलट अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीशी मुसळधार पावसाची गाठ पडली, तर उघाडी दिवसाचे अनेक तास मिटलेली राहते, पाण्याला वाट उरत नाही आणि शेत बुडते.

या कठीण जमिनीसाठी काळा रत्ता, भुरा रत्ता अशा क्षार सोसणाऱ्या स्थानिक जाती कोकणात होत्या आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २ आणि ३ या सुधारित जाती दिल्या. परंतु बियाणे कितीही काटक असले, तरी बांध फुटल्यावर त्याचा उपाय चालत नाही. बांधाला पडलेल्या खिंडाराला ‘खांड’ म्हणतात. ती वेळीच बुजवली नाही, की दोन-तीन वर्षांत शेतात तिवरे उगवतात, आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा भाताखाली आणणे दुरापास्त होते. समुद्राची पातळी वाढत असताना आणि खाडीतील रेतीउपशाने किनारे ढासळत असताना, बांधाची उन्हाळी डागडुजी हे हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे येथील पहिले काम ठरते.

कापलेल्या भातावरचा पाऊस

सर्वांत मोठा घाव मात्र हंगामाच्या शेवटी बसतो. कापलेले भात लगेच बांधून नेता येत नाही, कारण पेंढा आणि दाणा दोन्ही ओले असतात. म्हणून त्याचे ‘कडपे’, म्हणजे कापलेल्या भाताच्या पसरलेल्या ओळी, तीन-चार दिवस शेतातच उन्हात वाळवतात आणि नंतर भारे बांधून खळ्यावर झोडणी करतात. वर्षभराची मेहनत, उसनवारी आणि घरातले धान्य हे सारे त्या तीन-चार दिवसांत उघड्यावर असते. या काळात पाऊस आला, तर कडपे पाण्यात तरंगतात, दाण्याला लोंबीतच मोड येतात, पेंढा काळा पडून गुरांच्या उपयोगाचा राहत नाही आणि वाळवून उरलेला दाणा गिरणीत तुटून त्याची कणी होते.

भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईची आगमनाची तारीख एकाच दिवसाने पुढे गेली, परंतु माघारीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हा नऊ दिवसांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. परंतु जूनमध्ये पेरलेले हळवे भात नेमके सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापणीला येते. ज्या उघडिपीसाठी ही जात निवडली गेली, ती उघडीपच पुढे सरकली आहे. त्यात वादळांची भर पडते: २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रातील ‘क्यार’ चक्रीवादळाच्या काळात कोकणभर कापलेले भात भिजले, आणि २०२५ मध्ये पाऊस ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत रेंगाळल्याने तेच चित्र पुन्हा दिसले.

याचे पडसाद भातापुरते थांबत नाहीत. भातानंतर जमिनीतील उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाल, हरभरा, मूग अशी कडधान्ये घेतली जातात. कापणी लांबली तर वालाची पेरणी लांबते आणि दाणा भरण्यापूर्वीच ओल संपते. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे कामाला जातात, तेथेही अवेळी सरीने कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो. अशा रीतीने एकाच पावसात जमीन असलेल्याचे धान्य आणि जमीन नसलेल्याचा रोजगार दोन्ही भिजतात.

हे का घडते

मोसमी पाऊस हा मुळात जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातील फरकाचा परिणाम आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंडावतात आणि कोकणात पाऊस देतात. हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती धरून ठेवू शकते, दर एका अंशाला सुमारे सात टक्के. म्हणून तापलेल्या समुद्रावरची हवा पाऊस रोज थोडा थोडा देण्याऐवजी साठवून एकदम ओतण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या अधूनमधून उसळणाऱ्या लाटा आहेत. त्याच संस्थेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ही वादळे प्रामुख्याने पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे राब भाजण्याच्या आणि भात कापण्याच्या दिवसांत येतात, ही गोष्ट भिवंडीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने संख्येहूनही महत्त्वाची आहे.

पासष्ट मिलीमीटरचे माप

नुकसानभरपाईची व्यवस्था मात्र अजून बेरजेच्या भाषेत विचार करते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस झाला, तर त्याला अतिवृष्टी म्हणायचे, हे महाराष्ट्रातील प्रचलित माप आहे. भिवंडी तालुक्यात जुलैच्या कित्येक दिवशी हे माप ओलांडले जाते आणि आवणी चालू असेल तर तो पाऊस हवाच असतो. उलट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कडप्यांवर पडलेला वीस मिलीमीटरचा पाऊस कुटुंबाचे वर्ष बुडवतो आणि या मापात मात्र बसत नाही.

पंतप्रधान पीक विमा योजनेत कापणीनंतर शेतात वाळत ठेवलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत संरक्षण देण्याची आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून योजनेचे स्वरूप बदलून भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांतून दिसणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आधारली. कापणी प्रयोग उभ्या पिकाचे वजन करतो. कापल्यानंतर भिजलेले भात त्याच्या तराजूत येतच नाही. पाण्याखाली बुडालेल्या भाताचे नुकसानही २०१८ मध्ये स्थानिक आपत्तींच्या यादीतून वगळले गेले होते. ते २०२६ च्या खरिपापासून पुन्हा घेण्याचा निर्णय केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केला, ही खाडीकाठच्या गावांसाठी दिलासा देणारी गोष्ट आहे.

भरावाखालची खाचरे

हवामान बदलत असताना पाणी सामावून घेणारी जमीनही आकसत आहे. मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ या पट्ट्यात खाचरांवर मातीचा भराव टाकून गोदामे उभी राहिली. खाचर हे केवळ पीक घेण्याचे ठिकाण नसते. बांधांनी वेढलेले प्रत्येक खाचर मुसळधार पावसाचे काही इंच पाणी अडवून सावकाश सोडते. एका शेतावर भराव पडला, की शेजारच्या शेतातले पाणी तुंबते, नैसर्गिक नाला अरुंद होतो आणि कामवारी नदीचे पाणी शहरातील वस्त्यांत लवकर शिरते. ज्याने शेत विकले नाही त्याच्याही शेतीचा निकाल अशा प्रकारे लागतो.

जुळवून घेण्याचे मार्ग नाहीत असे नाही. नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकून चिखलणी आणि आवणी दोन्ही टाळल्या जातात, त्यामुळे साचलेल्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्यात तणनाशकांवर भर असतो आणि खोल पाणी साचणाऱ्या खाचरांना किंवा खारजमिनीला ते सहज लागू होत नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या वेगवेगळ्या कालावधीच्या जाती एकाच शेतकऱ्याने वाटून घेणे, म्हणजे हळव्या-गरव्याची जुनी वाटणी नव्या तारखांनुसार पुन्हा बसवणे, हा कमी खर्चाचा उपाय आहे. सामुदायिक वाळवणीची छपरे, वाहून नेता येणारी मळणी यंत्रे आणि कापणीच्या पंधरवड्यात गावपातळीवर पोहोचणारा पाच दिवसांचा अंदाज यांनी कडप्यांवरचे संकट बरेच आवरता येईल. भारतीय हवामान विभागाने २६ मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देणारी प्रणाली स्वीकारली आहे. हा अंदाज पाड्यावरच्या माणसाला त्याच्या बोलीत आणि वेळेवर मिळाला, तरच तिचा शेतीला उपयोग होईल.

भिवंडीच्या भाताला पाऊस कमी पडलेला नाही. त्याला पडला आहे तो वेळेचा दुष्काळ, आणि बेरजेच्या तक्त्यात तो कधीच उमटत नाही. म्हणून पावसाचे माप पिकाच्या अवस्थेशी जोडावे, कापणीच्या पंधरवड्यासाठी वेगळे निकष ठरवावेत, खारबांधांची डागडुजी दरवर्षी मे महिन्यापूर्वी पूर्ण व्हावी आणि नाल्यांवरचे भराव थांबावेत. या चारही गोष्टी शासनाच्या आणि ग्रामपंचायतींच्या हातातल्या आहेत. चित्रा नक्षत्रातले कोरडे ऊन कोणालाच आणता येणार नाही. परंतु ते न पडल्याचे नुकसान एकट्या शेतकऱ्याने सोसू नये, एवढी व्यवस्था समाजाला निश्चित करता येते, आणि ती त्याने केलीच पाहिजे.